नवख्या क्वार्टरबॅकच्या पासवर किती विसंबायचं? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलचा सामना. तिसरा डाउन, अकरा यार्ड बाकी. पहिल्या डाउनला मधून धाव घेतली, एक यार्ड मागे आलो. दुसऱ्याला पुन्हा मधूनच धाव, हाती काही नाही. आता बावीस वर्षांच्या पोराला, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला, सांगितलं जातं, टाक पास. पास येणार हे स्टेडियममधल्या सत्तर हजार लोकांना ठाऊक आहे, समोरच्या अकरा बचावपटूंना तर आहेच. पोरगा मागे सरकतो. पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) झाकलेला, दुसरा अजून वळलेलाच नाही, आणि तेवढ्यात उजवीकडून कुणीतरी येऊन त्याला आडवा करतो. समालोचक म्हणतात, हा अजून तयार नाही. घरी सोफ्यावर आपणही मान डोलावतो.

वीसेक वर्षं अमेरिकेत हा खेळ बघताना मीही अशी मान डोलावली आहे. गेली काही वर्षं शनिवारी सकाळी गावातल्या मुलांच्या फ्लॅग फुटबॉल (यात आडवं पाडण्याऐवजी कमरेची फीत खेचायची) संघाला शिकवायला लागलो आणि माझं मत बदललं. नवख्या क्वार्टरबॅकबद्दल सगळे विचारतात की त्याला सामन्यात किती पास टाकू द्यायचे. वीस? तीस? मला आता वाटतं, आकडा नंतर बघू. आधी हे बघू की त्याच्या वाट्याला कोणते पास येतात आणि कोणत्या डाउनला येतात. पंधराच पास, पण सगळे अवघड, अशा हिशेबात पोरगं लवकर मोडतं. तीस पासांपैकी वीस सोपे असतील, तर ते शिकतं.

खेळाशी ओळख नसलेल्यांसाठी एवढंच: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. चौथ्या डाउनला बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर धाडून देतात, म्हणून प्रत्यक्षात हातात तीनच उरतात.

चूक पहिली: त्याला फक्त 'करो या मरो'च्या चढाईला पाठवणं

प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरोची होते. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. नव्या पोराला सामनाभर फक्त त्या तिसऱ्या चढाईलाच पाठवायचं, असं कुठला प्रशिक्षक ठरवेल? समोरचे सातही जण टपून बसलेले असतात. अशा वेळी पाठवायचा तो मुरलेला गडी. नव्या पोराला मैदानाची सवय व्हावी म्हणून आधीच्या मोकळ्या चढाया द्यायच्या.

फुटबॉलमध्ये मात्र हीच उलटी गोष्ट 'पोराला सांभाळून घेतोय' या नावाखाली सर्रास चालते. पहिल्या दोन डाउनला चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या हातात चेंडू द्यायचा, कारण पास धोक्याचा. त्या दोन धावांतून चार-पाच यार्ड निघाले तर ठीक. नाही निघाले, तर तिसऱ्या डाउनला आठ, नऊ, अकरा यार्ड उरतात, आणि तेव्हा पास टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे धोका टाळला असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो साठवून एकदम पोराच्या अंगावर टाकलेला असतो.

लांबचा तिसरा डाउन इतका अवघड का, तेही नीट समजून घ्यायला हवं. बचावाला धावेची काळजी उरत नाही, म्हणून पुढची फळी थेट क्वार्टरबॅकवर तुटून पडते. पुढच्या फळीमागचा एखादा जड लाईनबॅकर बाहेर काढून त्याच्या जागी पास अडवणारा चपळ डिफेन्सिव्ह बॅक येतो. रिसीव्हरला दहा-बारा यार्ड धावून वळायचं असतं, त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ क्वार्टरबॅकपुढच्या आपल्या ऑफेन्सिव्ह लाईनला भिंत धरून ठेवावी लागते. वर बचाव आपला डाव झाकून ठेवतो: ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसांचा हल्ला, येणार असं दाखवून माणसं मागे पळवतो, नाहीतर मागे उभी दाखवून पुढे धाडतो. अनुभवी क्वार्टरबॅकचीही इथे कसोटी लागते.

आता तोच पास पहिल्या डाउनला टाकून बघा. धाव की पास, बचावाला ठाऊक नाही. लाईनबॅकरला धावेचाही विचार करावा लागतो. पाच यार्डांचा पास मिळाला तरी चंगळ, पडला तरी अजून दोन डाउन आहेत. त्यात प्ले ॲक्शन असेल तर आणखी बरं. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, दिल्यासारखं करतो आणि काढून घेतो. लाईनबॅकर धावेच्या दिशेने दोन पावलं पुढे येतात आणि त्यांच्या पाठीमागे अंगणाएवढी जागा मोकळी होते. नवख्या पोराला तिसऱ्या-चौथ्या रिसीव्हरपर्यंत डोळे फिरवायची गरजच पडत नाही, समोर एक भलंमोठं भगदाड दिसतं.

इथे एक गैरसमज चिकटून बसलाय: आधी धावून धावून बचावाला दमवायचं, मगच प्ले ॲक्शनला धार येते. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगची आकडेवारी तपासणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत वारंवार दाखवलंय की ही अट खरी नाही. त्या दिवशी संघ किती वेळा धावला याच्याशी प्ले ॲक्शनच्या यशाचा फारसा संबंध दिसत नाही. मला तर हे पटतं. लाईनबॅकर संघ किती वेळा धावला ते मोजत बसत नाही. समोरचा लाईनमन धावेसारखा हलला की त्याचे पाय आपोआप पुढे पडतात, वर्षानुवर्षांच्या सरावाने ते अंगात मुरलेलं असतं.

जॅरेड गॉफचं उदाहरण घ्या. २०१६ च्या निवडीतला (ड्राफ्ट, यात संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात) पहिला खेळाडू, आणि त्या मोसमात लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला सात सामन्यांत सुरुवातीपासून खेळवलं तर सातही हरले. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे प्रशिक्षक म्हणून आला, प्ले ॲक्शनवर भर दिला, आणि त्याच गॉफने २८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले, इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास) फक्त ७. संघ घाईने रांगेत उभा राहायचा, कारण प्रशिक्षकाचा आवाज पोचवणारा हेल्मेटमधला रेडिओ प्लेच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. तोवर बचाव कसा उभा आहे ते बघून मॅकव्हेला पोराच्या कानात दोन शब्द सांगता यायचे. मला हे फार आवडतं. पास कमी करण्याऐवजी त्याने प्रत्येक पासातला अवघडपणा कमी केला.

दहा पहिल्या डाउनपैकी निदान चार-पाचांना नवख्या पोराला पास द्यावा, असं माझं मत. ते पास छोटे असावेत, आणि त्यातले निम्मे प्ले ॲक्शनचे.

चूक दुसरी: नुसते पास मोजून निष्कर्ष काढणं

२००४ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा बेन रोथलिसबर्गर पहिल्याच वर्षी नियमित मोसमात सुरुवातीपासून खेळलेले तेराच्या तेरा सामने जिंकला. मोसमभरात त्याने पास टाकले २९५. संघ सहाशेहून जास्त वेळा धावला. हे आकडे दाखवून आजही सांगितलं जातं: बघा, नव्या पोराकडून कमी पास टाकून घेतले की जिंकता येतं.

पण आणखी एक आकडा बघा. त्या २९५ पासांतून २,६२१ यार्ड निघाले, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला जवळपास नऊ. हे भेकडासारखे चेंडू लपवून काढलेले यार्ड नव्हेत. पास कमी होते, पण चांगल्या जागी, चांगल्या वेळी टाकलेले होते. शिवाय आघाडीवर असलेला संघ उत्तरार्धात घड्याळ संपवायला धावतोच. धावले म्हणून जिंकले, की जिंकत होते म्हणून धावले? दोन्ही थोडं थोडं खरं आहे, आणि मोसमाच्या बेरजेवरून ते वेगळं करता येत नाही.

दुसऱ्या टोकाला बघा. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये ५७५ पास टाकले, इंडियानापोलिस कोल्ट्स ३ जिंकले आणि १३ हरले. त्याच संघासाठी अँड्र्यू लकने २०१२ मध्ये ६२७ पास टाकले, नवख्याने टाकलेले ते विक्रमी पास, आणि संघ ११ जिंकला, ५ हरला. पासांची संख्या उंच, निकाल दोन टोकांचे. मागे पडलेला संघ नाइलाजाने पास टाकतो, तेही आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणून पहिल्या अर्ध्यात, गुणफरक कमी असताना, पहिल्या आणि दुसऱ्या डाउनला पोराला किती पास मिळाले तेवढेच वेगळे काढून मोजा. प्रशिक्षकाचा भरवसा किती आहे ते तिथे कळतं.

चूक तिसरी: भिंत न बघता पोराला दोष देणं

एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू सरासरी अडीच-पावणेतीन सेकंद असतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं, टाकायचं. लाईन दीड सेकंदात फुटली तर त्याला काही बघताच येत नाही.

ह्यूस्टन टेक्सन्स २००२ मध्ये नव्याने लीगमध्ये आले. नवी लाईन, नवे सगळे, आणि क्वार्टरबॅक डेव्हिड कार हाही त्या वर्षीच्या निवडीतला पहिला. त्याला त्या मोसमात ७६ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडलं गेलं. तो विक्रम आजही उभा आहे. हा मुलगा पुढे कधी पॉकेटमध्ये (लाईनच्या आडोशाच्या जागेत) निवांत उभा राहिलेला दिसला नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. २०२१ मध्ये शिकागोच्या जस्टिन फील्ड्सने सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना क्लीव्हलँडविरुद्ध होता. ९ सॅक. पासांतून मिळालेले यार्ड ६८, सॅकमध्ये गमावलेले ६७. निव्वळ हिशेब एक यार्ड. त्या दिवशी पहिल्या अर्ध्यातच बहुतेकांना दिसत होतं की टाइट एंड (लाईनच्या कडेचा रिसीव्हर) आणि रनिंग बॅकला अडवायला मागे ठेवा, पॉकेट डावी-उजवीकडे हलवा, झटपट पास द्या. तरी तेच तेच प्ले, म्हणजे आखलेले डाव, येत राहिले. तो सामना बघताना जीव कळवळला होता.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण चाहते म्हणून आपण इथे घसरतो. सगळे सॅक लाईनचे नसतात. बरेचसे क्वार्टरबॅकचे स्वतःचे असतात: चेंडू धरून ठेवला, मोकळा रिसीव्हर दिसला तरी खात्री होईना, जवळचा सोपा पास (चेकडाउन) घ्यायचा सोडून मोठ्या पासची वाट बघत बसला. २०२४ मध्ये शिकागोच्याच केलब विल्यम्सला ६८ वेळा सॅक केलं गेलं, आणि त्यातले काही नक्कीच त्याच्या हट्टापायी होते. संघाने मात्र पुढच्या मोसमाआधी लाईनच्या मधल्या तिन्ही जागा नव्याने भरल्या आणि प्रशिक्षकही बदलला. हा क्रम मला योग्य वाटतो. आधी घर दुरुस्त करा, मग पोराला विचारा.

ओळखायचं कसं? स्टॉपवॉच घ्या, फोनमधलं चालेल. स्नॅपपासून (सेंटर चेंडू मागे देतो तिथपासून) सॅकपर्यंतचा वेळ मोजा. दोन सेकंदांच्या आत झालेला सॅक बहुधा लाईनचा, किंवा ब्लिट्झ ओळखता न आल्याचा. साडेतीन सेकंदांनंतरचा बहुधा पोराचा. मधल्यांसाठी टेप दोनदा बघावी लागते. एका सामन्यात हे केलंत तरी समालोचन वेगळं ऐकू येऊ लागेल.

चूक चौथी: सगळ्या इंटरसेप्शनला एकच औषध

चेंडू समोरच्याच्या हातात गेला की प्रशिक्षक घाबरतो आणि चेंडू हाती आलेल्या पुढच्या तीन पाळ्यांत पासच बंद करतो. औषध द्यायच्या आधी दुखणं कुठलं ते तरी विचारा. आपल्याच रिसीव्हरच्या हातावर आपटून उडालेला चेंडू ही पोराची चूक नाही. सामना संपताना, दहा गुणांनी मागे असताना लांब फेकलेला चेंडू गेला तर गेला. उशिरा टाकलेला पास म्हणजे त्याने ओळखलं, पण मन घट्ट झालं नाही, आणि ते सरावाने सुधारतं. चुकीच्या माणसाकडे टाकलेला पास म्हणजे बचाव कसा उभा आहे ते वाचताच आलं नाही. खरी काळजी या शेवटच्या प्रकाराची. त्यावर पास बंद करणं हा उपाय नव्हे. प्ले सोपे करा: अर्धंच मैदान वाचायला द्या, एकाच बाजूचे दोन रिसीव्हर, पहिला झाकला असेल तर दुसरा, तोही नसेल तर चेंडू बाहेर.

न्यूयॉर्क जेट्सचा मार्क सँचेझ, २००९. ऑक्टोबरमध्ये बफेलोविरुद्ध त्याने ५ इंटरसेप्शन दिली. त्या दिवशी जेट्स तब्बल ३१८ यार्ड धावले आणि तरीही जादा वेळेत १६-१३ हरले. पोराला पूर्णपणे धावेच्या पदराआड लपवता येत नाही, हे याहून स्पष्ट काय असेल! पुढे त्या मोसमात जेट्सने त्याच्यासाठी रंगांची खूण सुरू केली. लाल म्हणजे जोखीम नको, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे टाक बिनधास्त. पुष्कळांनी याची चेष्टा केली होती. मला मात्र ती युक्ती शहाणपणाची वाटते, कारण 'सांभाळून खेळ' असं मोघम सांगण्यापेक्षा कुठल्या प्लेला किती धोका पत्करायचा ते पोराला नेमकं कळत होतं. संघ धडपडत प्लेऑफमध्ये गेला आणि सुपर बोल या अंतिम लढतीपासून एका सामन्यावर येऊन थांबला.

त्या सामन्यात त्यांना हरवणारा कोल्ट्सचा क्वार्टरबॅक होता पेटन मॅनिंग. तोच, ज्याने १९९८ मध्ये २८ इंटरसेप्शन दिली होती. नवख्याचा तो नकोसा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. कोल्ट्सने त्याला बसवलं नाही, पास कापले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी संघ १३ जिंकला, ३ हरला.

पण मॅनिंगचा दाखला देऊन प्रत्येक नव्या पोराला चुका करू द्या असं म्हणणाऱ्यांना मी त्याच वर्षीच्या निवडीतला दुसरा खेळाडू आठवून देतो. रायन लीफ. त्यालाही सॅन डिएगोने खेळवलं. २ टचडाउन, १५ इंटरसेप्शन, आणि कारकीर्द सावरलीच नाही. फरक चुकांच्या संख्येत शोधू नका. तीच चूक पुन्हा होते आहे, की दर आठवड्याला नवी होते आहे, ते बघा. नवी चूक करणारं पोरगं शिकत असतं.

चूक पाचवी: पासाला पर्याय म्हणून त्याचे पाय वापरणं

पोरगं वेगवान आहे ना, मग पळू दे, पास नंतर शिकेल. २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिनने पहिल्याच वर्षी २० टचडाउन पास टाकले, ५ च इंटरसेप्शन दिली आणि वर ८१५ यार्ड धावला. कॉलेजात जे खेळायचा तसेच प्ले त्याला दिले होते आणि ते अगदी बरोबर होतं. पण जानेवारी २०१३ च्या प्लेऑफ सामन्यात, आधीच दुखावलेला गुडघा घेऊन तो मैदानात राहिला आणि त्या गुडघ्याने दगा दिला. नंतर तो पहिल्यासारखा कधी दिसला नाही. पायांची धास्ती बचावाला असू द्या. त्यामुळे लाईनबॅकर जागेवर थबकतात आणि पास सोपा होतो. पण दर सामन्याला दहा-बारा धडका क्वार्टरबॅकने सोसायच्या, हा हिशेब महाग पडतो.

चूक सहावी: 'बसवायचं की खेळवायचं' यावर वर्षभर वाद

पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, एकच सामना सुरुवातीपासून खेळला आणि पुढच्या मोसमात ५० टचडाउन पास टाकून सर्वोत्तम खेळाडू ठरला. ॲरन रॉजर्स तीन वर्षं बाकावर होता. उलट सी. जे. स्ट्राउड २०२३ मध्ये पहिल्या दिवसापासून खेळला: ४९९ पास, ५ इंटरसेप्शन. दोन्ही बाजूंना हवी तेवढी उदाहरणं मिळतात, त्यामुळे वाद कधी संपत नाही.

मला त्या ॲलेक्स स्मिथची कहाणी जास्त शिकवून जाते. २००५ च्या निवडीतला पहिला, आणि त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोसाठी १ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. त्यानंतर वर्षामागून वर्षं त्याला नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव आखणारा प्रशिक्षक) मिळत गेला. दर वेळी नवी भाषा, प्लेची नवी नावं, पावलांचा नवा हिशेब. शाळेत दर वर्षी माध्यमच बदललं तर कुठलं पोर शिकेल? २०११ मध्ये जिम हार्बो प्रशिक्षक म्हणून आला, स्मिथच्या हातातल्या पासांचं काम नीट आखून दिलं, आणि त्याच स्मिथने ४४५ पासांत फक्त ५ इंटरसेप्शन दिली. संघ १३ जिंकला. सहा वर्षं लोक त्याला वाया गेलेला म्हणत होते.

तेव्हा तुमच्या संघाने नवा क्वार्टरबॅक निवडला की तो पहिल्या आठवड्यात खेळणार का हे विचारण्याआधी विचारा, पुढच्या वर्षी त्याला प्ले सांगणारा माणूस हाच असणार आहे का?

टेप बघताना सापडणारी दुखणी

पास सारखे रिसीव्हरच्या डोक्यावरून जात असतील तर हात बघू नका, पाय बघा. पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने पडत नसतो, किंवा दबावाखाली वजन मागच्या टाचेवर राहतं. हे दुरुस्त होतं, वेळ लागतो. जॉश ॲलनचे पूर्ण झालेले पास २०१८ मध्ये ५२.८ टक्के होते, पुढच्या वर्षी ५८.८, आणि २०२० मध्ये ६९.२. त्यात तंत्रावरची मेहनत होती आणि त्याच वर्षी आलेला स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हरही होता. तीन वर्षं थांबायची तयारी नसती तर बफेलोने हिरा गमावला असता.

पहिल्या काही प्लेला छान खेळतो आणि मग ढेपाळतो? सुरुवातीचे प्ले आधीच लिहून आणायची पद्धत बिल वॉल्शने रुजवली आणि आता ती सगळीकडे आहे. पोराने ते आठवडाभर घोटलेले असतात. कागद संपला की तो अंधारात जातो. मग उत्तरार्धासाठीही दहा-बारा प्ले असेच घोटून ठेवा आणि सुरुवातीला चाललेला प्ले वेगळ्या रचनेतून पुन्हा आणा.

एकाच रिसीव्हरकडे टक लावून बघतो? सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) त्याचे डोळे वाचून आधीच तिकडे निघालेला असतो. सरावात त्याला दुसऱ्या बाजूला बघून मगच टाकायची अट घाला.

मुलांच्या संघात

मुलांचा फ्लॅग फुटबॉल वेगळा आहे, आणि इथे मोठ्यांच्या खेळातले नियम तसेच लावणं हीच मोठी चूक. एनएफएल फ्लॅगच्या पाच जणांच्या खेळात धक्काबुक्की नाही, अडवणारी लाईन नाही. क्वार्टरबॅकवर चालून येणारा सात यार्डांवरून निघतो, आणि चेंडू सोडायला सात सेकंद मिळतात. एंड झोनच्या (टचडाउनसाठी पोचायच्या टोकाच्या भागाच्या) आणि मध्यरेषेच्या अलीकडच्या पट्ट्यात धावायला बंदी असते, पासच टाकावा लागतो. म्हणजे नऊ वर्षांच्या पोराला पासापासून लपवायची सोयच नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही असणार आहे, त्यामुळे भारतातूनही भाचे-पुतणे मला याबद्दल विचारू लागलेत.

पहिल्या वर्षी मी तीच चूक केली. आमचा क्वार्टरबॅक दहा वर्षांचा, बुजरा. त्याच्याकडून पास पडतात म्हणून मी धावण्याचेच प्ले देत होतो, आणि धावबंदीच्या पट्ट्यात पोचलो की एकदम त्याच्याकडे बघत होतो. चार सामने तो पट्टा आम्हाला ओलांडता आला नाही. पाचव्या आठवड्यात दुसऱ्या एका पालकाने माझ्या हातातला चेंडू उचलून बघितला आणि म्हणाला, अहो, हा तर मोठ्या मुलांचा आहे. आम्ही युथ मापाचा चेंडू वापरत होतो, त्या पोराच्या तळहाताला ज्युनिअर हवा होता. चेंडू बदलला, आणि प्रत्येक पाळीचा पहिलाच प्ले चार यार्डांचा साधा पास ठेवला: सेंटर स्नॅप देतो, चार पावलं पुढे जाऊन वळतो, आणि त्याच्याच छातीवर टाकायचा. पुढच्या शनिवारी त्यातले दोन पडले, सहा झेलले गेले. धावबंदीच्या पट्ट्यात पोचलो तेव्हा मी त्याला विचारलं, कोणता प्ले हवा? त्याने हाताची चार बोटं दाखवली.